हँडल माझ्या हातात होतं

मागच्या महिन्यात आमच्या फाट्यावर एका ट्रकनं सायकलवाल्याला उडवलं. माणूस जागीच गेला. गाव धावलं, रस्ता अडवला, काचा फोडल्या. ड्रायव्हर उसाच्या फडातून पळाला म्हणून वाचला, नाहीतर त्याचीही हाडं मोडली असती. संध्याकाळी पारावर बैठक बसली आणि जो तो न्यायाधीश झाला. एकाचं म्हणणं, असल्या ड्रायव्हरला फाशीच पाहिजे. दुसऱ्याला फाशी कमी वाटली. तेवढ्यात कोणीतरी मला विचारलं, "आप्पा, तुमच्या निजामाच्या वक्ताला काय सजा व्हायची हो ड्रायव्हरला?"

मी म्हणालो, आठवत नाही. खोटं बोललो. या बाबतीत खोटं बोलायची मला जुनी सवय आहे, आणि त्या खोट्यानं एक माणूस सहा महिने तुरुंगात होता. आता माझी माय नाही, वडील नाहीत, तो ड्रायव्हरही जाऊन आठ वर्षं झाली. ज्यांच्यापुढं मान खाली घालावी असं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे. याला धाडस म्हणू नये.

आमचं गाव घाटनांदूरहून अंबाजोगाईला जाणाऱ्या रस्त्यावर, अंबाजोगाईच्या तीन कोस अलीकडे. कागदावर तेव्हा तिला मोमिनाबाद म्हणायचे, पण ते नाव पोलिसांचे अमीनसाहेब आणि अदालतीतले मुन्सफसाहेब यांच्यापुरतं. घाटनांदूरला स्टेशन झालं आणि थोड्याच दिवसांत स्टेशनावरची माणसं अंबाजोगाईला न्यायला एक सर्व्हिस मोटार सुरू झाली. वरून ताडपत्री, आत लाकडी बाकडी. सकाळी जायची, संध्याकाळी परत यायची. बंद पडली की ड्रायव्हर खाली उतरायचा, सीटखालचं लोखंडी हँडल काढायचा, मोटारीच्या तोंडात घालून दोन्ही हातांनी गरगर फिरवायचा. ती खोकत खोकत चालू व्हायची. हँडल नसेल तर मोटार म्हणजे नुसता पत्रा. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

ड्रायव्हर आमच्याच बाजूचा, दोन कोसांवरच्या गावचा. शेतकऱ्याचा मुलगा. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात खाकी कोट. वय तिशीच्या आसपास. मोटार आली तेव्हा त्याची जी ऐट होती ती तहसीलदाराची नव्हती. सासुरवाशिणी त्याच्याजवळ माहेरी निरोप द्यायच्या, म्हाताऱ्या त्याच्या हाती लेकीला सांडग्या-पापडाचं गाठोडं पाठवायच्या, आणि तो ते न चुकता पोचवायचा. वाईट माणूस नव्हता. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं मी अदालतीत याच्या उलट वागलो आहे.

त्याची एक खोड मात्र होती, आणि ती त्या वेळच्या सगळ्याच ड्रायव्हरांची होती. गावाअलीकडे ओढ्याला मोठा उतार आहे. उताराच्या माथ्यावर तो मशीन बंद करायचा आणि मोटार तशीच सोडून द्यायचा. तेवढंच तेल वाचायचं, मालक खूश व्हायचा. मोटार बिनआवाजाची खाली यायची. बैलगाडीची निदान घुंगरं वाजतात. हिचं काहीच नाही.

संक्रांत होऊन गेली होती. ज्वारी हुरड्यात होती आणि मी रस्त्याकडेच्या आमच्या रानात माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाणत होतो. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. माझ्या पाठची बहीण सोळा वर्षांची. तिचं लग्न झालेलं होतं, चैत्रात नांदायला जायची होती. ती गाईला ओढ्यावर पाणी पाजून रस्ता ओलांडत होती. गाय लाल कंधारी, सात महिन्यांची गाभण, वडिलांच्या जिवाचा तुकडा. बहीण दावं मनगटाला गुंडाळून चालायची. तसं करू नये म्हणून तिला घरात सगळ्यांनी सांगितलं होतं, पण ती ऐकायची नाही.

मोटार वरून आली ती मला दिसली, ऐकू नाही आली. मी ओरडलो. तोवर त्यानं भोंगा वाजवला. भोंग्यानं गाय बुजली आणि रस्त्याच्या मधोमध पाय रोवून उभी राहिली. बहिणीनं दावं ओढलं. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण मुरमावरून चाकं घसरत आली. गाईला मागच्या अंगाला धडक बसली, ती बहिणीच्या दिशेनं फेकली गेली, आणि मोटारीचा पुढचा पत्रा बहिणीच्या पोटात बसला.

मी पोचलो तेव्हा बहीण उठून बसली होती. मनगट सोललं होतं, बाकी रक्ताचा थेंब नाही. गाय मात्र बघवत नव्हती. मागचे दोन्ही पाय मोडलेले, पोट फाटलेलं, आणि ती पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होती. बहीण म्हणाली, "दादा, मला काई न्हाई झालं. गाईला बघा." तोवर वडील आणि गावातली माणसं धावत आली होती. आम्ही सगळ्यांनी तिचं ऐकलं. तिच्या उभ्या आयुष्यात तिचं कोणी इतकं ऐकलं नव्हतं.

तिच्याकडं धावला तो एकटा ड्रायव्हर. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं, लिंबाच्या सावलीत ठेवलं, तिचा चेहरा बघितला आणि वडिलांना म्हणाला, "आबा, पोरीला गाडीत घाला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पायजे. आतून मार हाय."

वडील गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी वर बघितलं, पण ते काही बोलणार त्याआधी पोलीस पाटील बोलले. पाटील म्हणजे गावातलं शेवटचं वाक्य. ते म्हणाले, "तू कुठं निघालास? गाईचा जीव जायचाय अजून."

आमच्याकडची रीत अशी होती. ज्याच्या हातून गाय मरते, त्यानं तिचा श्वास थांबेपर्यंत तिच्याजवळून हलायचं नाही. तिच्या तोंडात त्याच्या हातचं पाणी पडलं पाहिजे. जीव गेला की तिच्या गळ्यातलं दावं सोडून त्याच्या गळ्यात बांधायचं आणि मग तो प्रायश्चित्ताला लागायचा. तो मध्येच उठून गेला तर पाप त्याच्यावर राहतंच, शिवाय ज्या गावानं त्याला जाऊ दिलं त्या गावावरही येतं. हे सगळं आम्हाला पाठ होतं. माणूस मरत असेल तर काय करायचं, याची मात्र अशी काही रीत नव्हती.

ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "पाटील, मी पोरीला पोचवतो अन् तसाच माघारी येतो. दावं आत्ता बांधा गळ्यात, मी न्हाई म्हनत न्हाई."

"कावून येशील माघारी?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "मोटार हाय बुडाखाली. पळून जाशील हैद्राबादला."

आणि मी पुढं झालो. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मोटारीत चढलो, सीटखाली हात घातला आणि हँडल काढून घेतलं. खाली उतरून म्हणालो, "आता जा बे कुठं जायचंय ते."

लोक हसले. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. एकोणीस वर्षांच्या पोराला गर्दीतून पाठीवर थाप मिळाली की काय होतं ते मला विचारा. मी ते हँडल खांद्यावर टाकून मोटारीपुढं उभा राहिलो. रखवाली करत होतो. मोटारीतले बाजारकरू थोडा वेळ थांबले आणि आपापली गाठोडी घेऊन पायी निघून गेले.

गाईला मरायला फार वेळ लागला. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती होती. ड्रायव्हर तिच्याजवळ बसून ओंजळीनं पाणी घालत होता आणि दर थोड्या वेळानं मान वळवून लिंबाखाली बघत होता. बहिणीजवळ शेजारच्या दोन बायका होत्या. ती बोलत होती, म्हणून सगळ्यांना वाटलं ठीक आहे. बोलणारं माणूस मरतं, हे आमच्या गावाला माहीत नव्हतं. ती पाणी मागत होती. मग तिचं पोट टणक व्हायला लागलं आणि ओठ पांढरे पडले. एक बाई मला येऊन म्हणाली, "लई घाम सुटलाय रे तिला." मी म्हणालो, "भ्याली हाय ती." एकदा तिनं माझ्याकडं बघून हाक मारली. मी गेलो. तिनं विचारलं, "गाय उठली का?" मी उठली म्हणून सांगितलं आणि परत माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. त्या दिवसातलं हे माझं पहिलं खोटं.

गाईनं मान टाकली तेव्हा पाटलांनी दावं सोडलं आणि ड्रायव्हरच्या गळ्यात बांधलं. तो तसाच उठला, पळत माझ्याकडं आला आणि हात पुढं केला. मी हँडल दिलं. तिसऱ्या फेऱ्याला मोटार चालू झाली. बहिणीला बाकावर निजवलं, तिचं डोकं वडिलांच्या मांडीवर. अर्धा कोस गेलो असू, वडिलांनी ड्रायव्हरच्या पाठीला हात लावला आणि म्हणाले, "फिरव माघारी."

माय तेव्हा गावात नव्हती. तिची बहीण बीडजवळ पालीला दिलेली, तिच्याकडं गेली होती. निरोप जाऊन ती येईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. तोवर सगळं उरकलं होतं. पाटलांनी घरी येऊन आम्हा बापलेकांना समोर बसवलं आणि म्हणाले, "मायमाऊलीला उगाच तरास नको. पोर जागच्या जागी गेली, असंच सांगा. समदं गाव तसंच सांगंल." ऐकायला किती मायेचं. अमीनसाहेब पंचनाम्याला आले तेव्हाही गावानं तेच सांगितलं आणि तेव्हा मला कळलं की ही माया कोणासाठी होती. पोरगी दोन-तीन तास जिवंत होती असं कागदावर आलं असतं, तर त्या दोन-तीन तासांचा हिशेब गावाला द्यावा लागला असता.

तो पंचनामा उर्दूत होता. शाळेच्या मास्तरांनी नंतर वाचून अर्थ सांगितला. गाईबद्दल त्यात सगळं होतं. रंग, वय, शिंगं कशी, किती महिन्यांची गाभण, मालक कोण. बहिणीबद्दल एक ओळ होती. एक औरत, मोटारीच्या धडकेनं, जागेवर फौत.

माय आली ती ओटीवर बसली आणि एकेकाला विचारत सुटली. कुठं लागलं? काय म्हणाली? कोणाचं नाव घेतलं का? जो तो सांगायचा, "न्हाई वो, जागच्या जागी गेली. काई कळलं न्हाई तिला." मीही सांगितलं. माझ्याकडं ती जरा जास्त वेळ बघत राहिली, पण तेव्हा ती सगळ्यांकडंच तशी बघायची.

इकडं अंबाजोगाईच्या शास्त्रीबुवांनी ड्रायव्हरला बारा दिवसांचं प्रायश्चित्त सांगितलं. ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना खोटं वाटेल. गळ्यात मेलेल्या गाईचं दावं. पायात वहाण नाही, डोक्याला पटका नाही. कोणाच्या छपराखाली निजायचं नाही. आणि बारा दिवस माणसासारखं बोलायचं नाही. दारोदार जायचं, उंबऱ्यापुढं उभं राहायचं आणि गाईसारखं हंबरायचं. मग घरातली बाई वरून भाकरी टाकणार. हे चुकवलं तर जातीतून बाहेर. त्याच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही, त्याच्या मयताला कोणी खांदा देणार नाही. अमीनसाहेबांच्या बेडीची त्याला इतकी भीती नव्हती.

आसपासच्या गावांतली पोरं त्याच्यामागं हंबरत फिरायची. ज्या बायका त्याच्याजवळ निरोप द्यायच्या त्या आता लांबून भाकरी फेकायच्या. मी सांगतो, त्यानं एकही दिवस चुकवला नाही, एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. नवव्या दिवशी तो आमच्या दारात आला.

माय भाकरी घेऊन दाराशी गेली. तिनं ती टाकली नाही, हातातच धरून उभी राहिली. तो हंबरला. आवाज बसला होता, खरंच जनावरासारखा येत होता. माय म्हणाली, "हे गाईचं झालं. माझ्या लेकीचं काय?"

तो बघत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माय म्हणाली, "तुझ्या हातून माझी लेक गेली, एवढं तोंडानं म्हन. मी भाकर देते." त्यानं मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, कळलं नाही. मग त्यानं मायच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मी तिच्या मागं उभा होतो. हा आता सांगणार असं वाटलं, आणि लगेच ध्यानात आलं की याला बोलता येत नाही. अजून तीन दिवस तरी नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि त्याची जेवढी लाज वाटायला पाहिजे होती तेवढी तेव्हा वाटली नाही.

तो पुन्हा हंबरला. मायनं भाकरी त्याच्या हातात दिली, टाकली नाही, आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "ज्याच्यापायी माझी लेक गेली त्याला सजा झाली पायजे. गाईची न्हाई. माझ्या लेकीची."

त्या दिवसापासून तिनं दुसरं काही धरलं नाही. बारा दिवस झाले, ड्रायव्हरनं परळीला जाऊन स्नान केलं, गावजेवण घातलं, आणि पाटील आमच्या घरी आले. म्हणाले, त्यानं फेडलं, आता मोकळा झाला, अदालतीत आपण बोलायचं की गाय आडवी आली, कोणाची चूक नाही. वडील मान डोलवत होते. माय आतून म्हणाली, "गाईचं फेडलं त्यानं. पाटील, तुमची लेक असती तर किती दिवस हंबरायला लावलं असतं?" पाटलांना बाईमाणसाच्या तोंडून असलं ऐकायची सवय नव्हती. ते उठून गेले. माय दुसऱ्या दिवशी एकटी तीन कोस चालत गेली आणि अमीनसाहेबांच्या कचेरीपुढं बसली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वडील लाजेकाजेनं बरोबर गेले आणि मुकदमा उभा राहिला.

अदालतीतल्या पेशीला आम्ही सगळे बैलगाड्या जुंपून गेलो. मायला आत येऊ दिलं नाही, ती अंगणात चिंचेखाली बसली. मुन्सफसाहेब वयस्कर, चष्मेवाले, उर्दूत बोलायचे. कारकून ते आम्हाला मराठीत सांगायचा आणि आमचं त्यांना उर्दूत. ड्रायव्हरनं काहीच लपवलं नाही. उतारावर मशीन बंद केलं होतं हे त्यानं कबूल केलं. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मग तो म्हणाला, "हुजूर, पोर जागेवर न्हाई मेली. बोलत होती. मी दवाखान्यात नेतो म्हनलो. ह्यांनी जाऊ न्हाई दिलं. गाय मरस्तोवर मला बसवून ठिवलं. मोटारीचं हँडल काढून घेतलं."

मुन्सफसाहेबांनी लिहायचं थांबवलं. विचारलं, "हँडल किसके पास था?"

ड्रायव्हरनं माझं नाव सांगितलं नाही. माझ्याकडं बोटही केलं नाही. पण त्याच्या वकिलाला कुठूनतरी कळलेलं होतं. त्यानं मला पुढं बोलावलं.

मी उभा राहिलो. शेजारी पाटील बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, इतकी त्यांना खात्री होती. कारकुनानं विचारलं, तू ते हँडल घेतलं होतंस का? दाराबाहेर चिंचेखाली मायचं लुगडं दिसत होतं. मी हो म्हणालो असतो तर ती दोन पावलांवर होती.

मी म्हणालो, "न्हाई."

"तुझी बहीण बोलत होती?"

"न्हाई. जागच्या जागी गेली."

माझ्यानंतर पाटील, मग आणखी दोघं. सगळ्यांनी तेच सांगितलं. एकट्या ड्रायव्हरचं वेगळं पडलं आणि वेगळं पडलेलं ते खोटं ठरलं. मुन्सफसाहेब निकाल देताना म्हणाले की मुलजिमानं गफलतीनं मोटार चालवून एक जीव घेतलाच, वर स्वतःला वाचवायला मेलेल्या पोरीच्या भावावर आणि गावावर आळ घेतला. याचं त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं. सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि मोटार चालवायचा परवाना गेला. मशीन बंद करून उतार सोडल्याची सजा त्यातली किती आणि खरं बोलल्याची किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

बाहेर येऊन वडिलांनी मायला सांगितलं. तिनं देवीच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले. परत येताना गाडीत ती माझ्याशेजारी बसली होती. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तू खरं बोललास म्हनून झालं बाबा." गाडी मुरमावरून चालली होती. मी बैलांकडं बघत बसलो.

सहा महिने गेले, त्यावर आणखी एक-दोन महिने गेले असतील. रब्बीच्या पेरण्या उरकल्या होत्या. एक दिवस सकाळी ड्रायव्हर आमच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात खाकी कोट नव्हता. डोक्याचं मुंडण केलेलं, त्यावर खुंट आले होते. वडील रानात होते. मी ओटीवर दोर वळत होतो. त्याला बघून माय बाहेर आली. मायला म्हणाला, "माय, तुमी म्हनला होता तोंडानं म्हन. तवा बोलता येत नव्हतं. तुमची लेक माझ्या हातून गेली. उतारावर मशीन बंद नसतं केलं तर गेली नसती. सजा भोगून आलो."

मायनं त्याला ओटीवर बसायला सांगितलं, पाण्याचा तांब्या दिला. डोक्याकडं बघून विचारलं, "कोन गेलं?"

"माय गेली माझी. मी आत असताना. एकलाच होतो तिला. गाववाल्यांनी उरकलं. बाहेर आल्यावर मंग केस दिले."

मग मायनं तेच विचारलं जे ती गावभर विचारत फिरली होती, अगदी सहज, सवयीनं. "तू व्हतास तिथं. काई म्हनली का रे माझी लेक?"

तो न विचार करता बोलून गेला. "गाईला बघा म्हनली."

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मायनंही माझ्याकडं बघितलं. जागच्या जागी गेलेली पोर गाईला बघा म्हणत नाही.

"कवर व्हती?" मायनं विचारलं. त्याला विचारलं, पण बघत माझ्याकडं होती.

"सोडा माय आता."

"कवर व्हती?"

"ऊन डोक्यावर येस्तोवर."

"अन् तुझी मोटार तिथंच व्हती."

मग मीच बोललो. हँडल मी काढून घेतलं होतं, इतकंच म्हणालो. पुढचं तिनं स्वतःच जुळवलं असणार. मला वाटलं होतं ती किंचाळेल, मला मारेल, पदर खोचून अंबाजोगाईची वाट धरेल. जिनं पाटलांना ऐकवलं, तीन दिवस कचेरीपुढं ठाण मांडलं, ती बाई होती ती. आणि मी खरंच सांगतो, तिनं मला अमीनसाहेबांपुढं उभं केलं असतं तर मी गेलो असतो. त्या घटकेला मला तेच हवं होतं.

माय उठली. ओटीच्या कडेला ड्रायव्हर बसला होता, त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याला हात जोडले.

"कुनाला सांगू नगंस," ती म्हणाली. "माझं एकच लेकरू राहिलंय."

तो तिच्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिला. ज्याची माय मुलगा तुरुंगात म्हणून एकटी मेली होती, त्याला ती हे म्हणत होती, आणि तिला ते कळत होतं. तिचं तोंड बघून मला समजलं की कळत होतं. तरी तिनं हात खाली घेतले नाहीत.

"न्हाई सांगत माय," तो म्हणाला. तांब्या खाली ठेवून तो उठला आणि निघून गेला. पुढं पुष्कळ वर्षं जगला, दुसऱ्याच्या रानात सालानं राबला, आणि त्यानं कोणाला सांगितलं नाही.

माय आत गेली. चुलीपुढं बसून तिनं पीठ मळायला घेतलं. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "भाकर खाऊन घे, गरम हाय."

मी आत जाऊन बसलो. तिनं ताटात भाकरी टाकली, वर पिठलं वाढलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मला भूक लागली होती. मी दोन खाल्ल्या.